वैशाखी पौर्णिमेचं दूध

सुवर्णाला पहिली कळ आली तेव्हा ती शेषराव पाटलाच्या मळ्यात, निंबाच्या सावलीत, भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. उपटलेल्या वेलांचा ढीग समोर होता. त्यातला जुडगा घ्यायचा, मुळाची माती झटकायची, मुठीनं शेंगा ओरबाडून टोपल्यात टाकायच्या. सकाळपासून तेच चाललं होतं. बायकांच्या नखांच्या कडा सोलून निघाल्या होत्या. सावली सरकेल तशा बायका सरकत होत्या. सुवर्णाला सरकणं जड जात होतं. ती दोन्ही पंजे जमिनीला टेकून आधी अंग उचलायची, मग पोट सांभाळत बाजूला व्हायची.

तिची सासू सिंधूताई शेजारीच होती. सुनेचा हात थांबलेला तिनं पाहिला.

"काय होऊन राह्यलं वो?"

"काही नाही, आत्याबाई. पाठ भरून आली."

"पाणी पे. पाय लांब कर."

सुवर्णाला कामावर आणायचं सिंधूताईच्या मनात नव्हतं. पण घरावर टिनाचं छप्पर. दुपारी आत भट्टी पेटायची. सुवर्णाच म्हणाली होती, मळ्यात सावली तं हाय, बसून बसून तोडीन. तिला माहेर असं उरलं नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. नवरा अश्वजित पुण्याकडं एका गोदामात माल चढवायच्या कामाला होता आणि पौर्णिमेला येणार होता.

"पौर्णिमेपर्यंत थांबव बरं का," ढिगाच्या पलीकडून बेबीताई म्हणाली. ती विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष. "बुद्ध जयंतीचं लेकरू म्हणजे काय साधी गोष्ट हाय?"

"मामाजी बी तेच म्हणतात," सुवर्णा हसली. "जसं काही माह्याच हातात हाय."

मामाजी म्हणजे इंद्रभान, सिंधूताईचा नवरा. गावात भंते क्वचितच यायचे. विहारात वंदना घ्यायची ती इंद्रभाननंच. वैशाख लागला की तो मजुरीवरून आल्यावर विहाराच्याच कामाला लागायचा. आज त्यानं मजुरीवर खाडा केला होता आणि विहाराला चुना मारत होता.

दुसरी कळ आली तेव्हा सुवर्णानं हातातले वेल घट्ट धरले. तिसऱ्या कळेला तिच्याखालची माती ओली झाली.

बेबीताईनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसरं पेशंट घेऊन गेली होती, यायला वेळ लागेल असं पलीकडची मुलगी सांगत होती. गावातल्या तुळशीरामचा तीनचाकी ॲपे शेगावला सवारी घेऊन गेला होता. इंद्रभानचा फोन वाजून वाजून बंद झाला. त्याचा सदरा विहाराच्या खिडकीला टांगलेला, फोन सदऱ्याच्या खिशात, आणि तो शिडीवर.

"पाटलाची गाडी हाय घरी," बेबीताई म्हणाली. "मी हिच्यापाशी थांबते. तुम्ही जा ताई."

शेषरावचं घर मळ्याच्याच तोंडाशी, रस्त्याला लागून होतं. सिंधूताई ढेकळांतून पळत गेली. अंगणात पांढरी गाडी धुऊन उभी होती. तिच्या तोंडावर झेंडूच्या माळा लावलेल्या. शेषरावच्या पुतण्याची वरात संध्याकाळी मलकापूरला जायची होती. शेषराव ओसरीवर उभा होता, इस्त्रीचे कपडे, अंगाला अत्तराचा वास.

सिंधूताई ओसरीच्या खालीच थांबली. आजवर ती तिथंच थांबत आली होती.

"पाटील, सुवर्णाचं पाणी गेलं. गाडी पाहिजे होती. खामगावच्या दवाखान्यापर्यंत."

"हाव हाव," शेषराव म्हणाला. "नेऊ ना. लेकराबाळाचं काम हाय."

त्यानं खिसे चाचपले. बाजेवरची उशी उचलून पाहिली. टीव्हीच्या मागं हात घातला. "दीपकनं किल्ली कुठं ठेवली काय माहीत," असं पुटपुटत आत गेला, बाहेर आला. दीपक त्याचा मुलगा. तो घोडीवाल्याला आणायला गेला होता.

दाराच्या चौकटीजवळ खुंटी होती. खुंटीवर टॉवेल होता आणि टॉवेलाखालून लाल गोफाला बांधलेली किल्ली लोंबत होती. सिंधूताईला ती स्वच्छ दिसत होती. शेषराव त्या किल्लीजवळून एकदा गेला, दोनदा गेला. एकदा त्याचा खांदा टॉवेलाला लागला आणि किल्ली हलली.

सिंधूताईच्या ओठांपर्यंत आलं. 'थे पाहा ना, खुंटीवर.' एवढंच म्हणायचं होतं. ते तिला म्हणवेना. पाटलाच्या घरात उभं राहून पाटलाला त्याची वस्तू दाखवायची म्हणजे तू खोटं शोधून राह्यला असं तोंडावर सांगणं. ती पदर मुठीत धरून उभी राहिली.

"तू असं कर," शेवटी शेषराव म्हणाला. "ॲम्ब्युलन्सलेच फोन लाव. त्यात बाईमाणसासाठी सगळं सामान राह्यते. आपल्या गाडीत काय हाय?"

"बरं," सिंधूताई म्हणाली आणि परत पळाली.

ॲम्ब्युलन्सच्या आधी तुळशीरामचा ॲपे आला. उन्हं कलली होती. मागच्या बाकड्यावर सुवर्णाला आडवं घातलं. डोकं सिंधूताईच्या मांडीवर, पाय बेबीताईच्या मांडीवर. रस्त्याचं काम निघालेलं, जागोजाग गिट्टी टाकलेली. प्रत्येक खड्ड्याला सुवर्णा दात आवळायची. ती ओरडली नाही. तिनं सासूचं मनगट धरलं होतं आणि खामगाव येईपर्यंत ते सोडलं नाही.

लेकरू झालं. मुलगी होती. ती रडली नाही. नर्सनं तिला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, नळीनं नाकातोंडातलं काढलं, तेव्हा मांजराच्या पिलागत एक बारीक आवाज निघाला. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पोटातलं घाण पाणी लेकराच्या छातीत गेलं होतं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं सगळं केलं. रात्रभर ती पेटीजवळ येत-जात राहिली.

"आई, थोडं आधी आणायला पाहिजे होतं," ती सिंधूताईला हळूच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सुवर्णाला दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीत बसवून पेटीपाशी नेलं. काचेला गोल भोक होतं, त्यातून हात घालता यायचा. तिनं एक बोट आत नेलं. मुलीनं ते धरलं.

"छकुली," सुवर्णा म्हणाली.

एवढंच नाव तिला मिळालं. संध्याकाळी पेटीतली हालचाल थांबली.

अश्वजित रात्रीच्या गाडीनं आला. सकाळी इंद्रभान आणि तो लेकराला कापडात गुंडाळून गावाकडं घेऊन गेले आणि नाल्याकाठी बाभळीजवळ खड्डा खणला. जमीन तापून दगडासारखी झाली होती. टिकाव उसळून यायचा. इंद्रभानच्या हाताला अजून चुना होता. खड्ड्यात उतरून त्यानं तिला ठेवलं तेव्हा कापडावर त्याच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले. वंदना त्याच्या जिभेवर होती. माणूस गेल्यावर म्हणायच्या गाथा त्यानं गावातल्या किती तरी जणांसाठी म्हटल्या होत्या. तिथं त्यानं त्रिशरण सुरू केलं आणि दुसऱ्यांदा शरण म्हणताना थांबला. अश्वजितनं ते पुरं केलं. मग दोघांनी माती लोटली.

सुवर्णाला पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घरी आणलं. बायका येऊन बसल्या आणि गेल्या. कोणी काही विचारलं नाही. सुवर्णा भिंतीला टेकून बसून होती. तिनं फक्त नवऱ्याला विचारलं, "कुठं ठेवलं?"

"नाल्यावर. बाभळीपाशी."

"सावली हाय काय तिथं?"

"हाय."

सगळ्यात शेवटी बेबीताई उठली. दारात घुटमळली. मग सिंधूताईला बाहेर घेऊन म्हणाली, "ताई, यंदाच्या खिरीचं दुसऱ्या कोणाले सांगू काय?"

बुद्ध पौर्णिमेची खीर विहारासाठी सिंधूताईच्या घरूनच जायची. सुजातानं बुद्धाला खीर दिली म्हणून त्या दिवशी त्यांच्या वस्तीतल्या, भीमनगरातल्या प्रत्येक लेकराच्या हातावर खीर पडायची.

"काऊन?"

"तसं नाही वो. तुमच्या जिवाले कायले तरास. आन मंग..." बेबीताईनं मान खाली घातली. "एकदोघी म्हणून राह्यल्या होत्या. लेकरू गेलं, बाळंतपणाचं घर हाय. खायाची वस्तू हाय म्हणून."

सिंधूताईनं एकदा घराच्या दाराकडं पाहिलं.

"विटाळ म्हणते काय कोणी?"

"मी नाही म्हणत ताई."

"आपण तं हे सोडलं ना बाई. सोडलं म्हणूनच तं बुद्धाकडं आलो." तिचा आवाज चढला नव्हता. "खीर मी करीन. ज्याले खायाची नसन त्यानं खाऊ नये."

बेबीताईनं तिचा हात धरला, सोडला आणि गेली.

पौर्णिमेच्या सकाळी सिंधूताई दुधाला निघाली. इतकं म्हशीचं दूध गावात एकाच ठिकाणी मिळायचं, शेषरावच्या घरी. ती गेली. गाडी अंगणात उभी होती. माळांचे झेंडू वाळून काळे पडले होते, ते कोणी काढले नव्हते. शेषराव दिसला नाही. त्याची बायको वच्छलाबाई गोठ्यात होती. तिनं काही न विचारता कॅन घेतली आणि काठोकाठ भरली.

"सुवर्णा कशी हाय?"

"हाय."

वच्छलाबाईनं झाकण लावलं. कॅन मात्र तिनं पुढं केली नाही. "त्या दिवशी याईले किल्लीच नाही सापडली," ती म्हणाली. "मी आत नवरीचं सामान भरून राह्यली होती. मले मागून समजलं."

"किल्ली खुंटीवर होती, पाटलीनबाई," सिंधूताई म्हणाली. "टॉवेलाखाली. मले दिसून राह्यली होती."

वच्छलाबाई तिच्याकडं पाहत राहिली. म्हैस शेपटीनं माश्या हाकत होती.

"मंग म्हणलं काऊन नाही?"

वच्छलाबाईनं ते टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. सिंधूताईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. गेल्या तीन दिवसांत ती स्वतःला दुसरं काही विचारतच नव्हती, आणि आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. ती गोठ्याच्या दगडी उंबऱ्यावर बसली. त्या घरात ती पहिल्यांदाच अशी, न विचारता बसली होती.

वच्छलाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"दूध उतरलं असन तिले," वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाली.

"काल रातच्यापासून. छाती दगडासारखी झाली. पोलकं भिजून राह्यलं."

"मोगरा बांध. ताज्या फुलाचा थर लाव अन् कापडानं आवळून टाक. दूध ओढून घेते थे. आमच्या सुचिताचं पहिलं गेलं तवा मीच बांधला होता." सुचिता तिची मुलगी. सिंधूताईला हे ठाऊक नव्हतं. मजुरीला येणाऱ्या बाईला कोण सांगतं? "माह्या अंगणातच वेल होता. यंदा पाणी नाही भेटलं तं वाळला."

कॅन घेऊन सिंधूताई निघाली तेव्हा वच्छलाबाई फाटकापर्यंत आली. तिला आणखी काही म्हणायचं होतं असं वाटलं. तिनं फाटक लावून घेतलं.

घरामागं तीन दगडांच्या चुलीवर गंज, खिरीचं मोठं पातेलं, चढवला. दूध तापलं, तांदूळ पडले. अश्वजित विस्तवाशी बसला.

"तू हालव. खाली लागू देऊ नको. मी आली."

"कुठं चालली माय?"

"विहारात."

विहार चुन्यानं झळकत होतं. दारावर पंचशील ध्वजाच्या पताका. बायका पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या नेसून येत होत्या. आत बुद्धमूर्तीसमोर बेबीताई बसली होती. तुळशीरामनं पहाटे खामगावच्या बाजारातून मोगरा आणला होता. ओल्या फडक्यात बांधून आणलेला, अजून थंड. बेबीताईनं तो मोठ्या परातीत पसरला होता आणि सगळ्या विहारात त्याचा वास भरला होता.

"बेबीताई, हा मोगरा पाहिजे मले."

"घ्या ना. किती पाहिजे?"

"सगळाच."

बायकांचं बोलणं थांबलं. बेबीताई परातीकडं पाहू लागली. "आन पुष्पपूजेले काय ठेवाचं, ताई? दुसरं फूल नाही गावात. या उन्हात कुठून आणू?"

"सुवर्णाले दूध आलं," सिंधूताई म्हणाली. इतक्या जणींसमोर हे बोलायला लागलं म्हणून तिनं नजर खाली घातली. "पेणारं नाही. मोगऱ्यानं आटते म्हणतात."

इंद्रभान कोपऱ्यात समईची वात लावत होता. तो उठून आला. त्यानं परात उचलली आणि बायकोला म्हणाला, "पदर धर."

तिनं पदर धरला. त्यानं सगळा मोगरा त्यात ओतला. परातीला चिकटलेली फुलंही त्यानं बोटांनी निपटून टाकली.

"दरसाल मीच म्हणतो ना तुमच्यापुढं," तो बायकांकडं न पाहता म्हणाला, "का हे फूल जसं सुकन तसंच हे शरीर जाईन. सुकाचंच हाय थे. तिथं सुकू दे." मग त्यानं रिकामी परात खाली ठेवली. "बुद्धाले निंबाचा डाहळा ठेवू."

बेबीताई उठली आणि डाहळा तोडायला स्वतः बाहेर गेली.

सिंधूताई घरी आली तेव्हा सुवर्णा तशीच भिंतीशी बसली होती. पोलक्यावर दोन ओले वर्तुळाकार डाग पसरले होते आणि तिनं त्यावर पदरही ओढला नव्हता. पदरातली फुलं, हातातलं जुन्या धोतराचं फडकं पाहून तिला समजलं. तिनं दोन्ही हात छातीवर धरले.

"काय करता, आत्याबाई?"

"बांधते. आराम पडन. ताप येईन नाही तं."

"मंग दूध?"

"आटते."

सुवर्णानं मान हलवली. "आज नोको."

"अवं पोरी, दुखते ना तुले."

"दुखू द्या." ती हळूहळू, एकेक शब्द सोडत बोलत होती. "तिच्यासाठीच आलं ना हे? तिले माहीत नव्हतं, आपण राह्यणार नाही. मले बी माहीत नव्हतं. या दुधाले बी माहीत नाही. एवढंच तं राह्यलं तिचं माह्यापाशी. आजचा दिवस राहू द्या."

सिंधूताईनं फुलं ओल्या फडक्यात ठेवली आणि सुनेशेजारी भिंतीला टेकून बसली. मागं अश्वजित खीर हालवत होता की नाही, याचं तिला भान राहिलं नाही.

"सुवर्णा," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पाटलाची किल्ली मले दिसली होती. खुंटीवर होती. माह्याच्यानं म्हणवलं नाही."

सुवर्णा समोरच्या भिंतीकडं पाहत होती. लाउडस्पीकरवर इंद्रभानचा आवाज सुरू झाला होता. बुद्धवंदना चालू होती आणि लोक मागून म्हणत होते.

"माह्याच्यानं बी म्हणवलं नसतं, आत्याबाई," ती म्हणाली.

तिनं माफ केलं असं म्हटलं नाही. डोकं मात्र सासूच्या खांद्यावर टेकवलं. तिचं कपाळ तापलं होतं.

वंदनेनंतर इंद्रभान दरवर्षी दोन शब्द बोलायचा. याच पौर्णिमेला सिद्धार्थाचा जन्म, याच पौर्णिमेला बोधी, याच पौर्णिमेला महापरिनिर्वाण. तो हे एका दमात म्हणायचा आणि लेकरं टाळ्या वाजवायची. आज दोघींना घरात बसून ऐकू आलं. "याच पौर्णिमेले जन्म," तो म्हणाला, आणि भोंगा नुसता खरखरत राहिला. विहारात कोणीतरी खोकलं. मग इंद्रभान म्हणाला, "पुढचं तुमाले माहीत हाय," आणि बसला असावा.

खीर गंजाच्या बुडाला लागली होती. करपल्याचा वास सगळ्या खिरीत उतरला होता. अश्वजितनं तशीच ती विहारात नेली. भीमनगरातल्या सगळ्यांनी खाल्ली. ज्या एकदोघी बोलल्या होत्या त्याही रांगेत होत्या आणि त्यांनी दुसऱ्यांदा हात पुढं केला. करपली असं कोणी म्हणालं नाही.

दिवस मावळताना मिरवणूक निघाली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हातात मेणबत्त्या, पुढं गाडीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. मूर्तीपुढं निंबाचा डाहळा. मिरवणूक त्यांच्या दारापाशी आली तेव्हा बेबीताईनं खूण केली आणि गाणं थांबलं. सगळे नुसते पावलं टाकत पुढं गेले. अश्वजित ध्वज घेऊन होता. त्यानं दाराकडं पाहिलं नाही.

सुवर्णा उठून दाराच्या फळीला धरून उभी राहिली होती. मेणबत्त्यांच्या मागून एक बाई तान्हं लेकरू कडेवर घेऊन चालली होती. ते एकाएकी रडायला लागलं. साधं, भुकेचं रडणं.

सुवर्णाच्या छातीतून दूध आपोआप वाहायला लागलं. पोलकं भिजलं, पोटावरून ओघळ निऱ्यांपर्यंत गेला. तिनं तो हातानं थांबवायचा प्रयत्न केला. थांबेना. मग ती दारातून आत आली, जमिनीवर बसली आणि चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बाहेर लोक लांब गेले होते.

सिंधूताईनं दार लोटून घेतलं.

बऱ्याच वेळानं सुवर्णानं डोळे पुसले आणि स्वतःच पोलक्याची बटणं सोडली. छाती लाल, ताणलेली, तिच्यावर निळ्या शिरा उठल्या होत्या.

"बांधा," ती म्हणाली.

सिंधूताईनं ओल्या फडक्यातून मोगरा काढला. थंड फुलं लागली तसा सुवर्णानं श्वास आत ओढला. सिंधूताई ओंजळ ओंजळ लावत गेली, एकही जागा मोकळी राहू दिली नाही. मग धोतराची घडी पाठीमागून आणली, पुढं घेतली आणि गाठ मारली.

"लागते काय?"

"नाही," सुवर्णा म्हणाली. "अजून आवळा."

सिंधूताईनं गाठ सोडली, गुडघा जमिनीला टेकला आणि दोन्ही हातांनी कापड ओढलं.